शिलालेख विभागाचा एकुलता एक विद्यार्थी

३ ऑक्टोबर, सोमवार

नाव नोंदवून झालं. आता वर्षभर मला ल्युब्लियानातून हुसकून लावायची कुणाची टाप नाही.

लोकांचा समज असतो की विद्यार्थी म्हणजे शिकणारा. साफ चूक. शिकणं हा विद्यार्थी असण्यातला एक किरकोळ भाग आहे आणि तो वगळला तरी काही बिघडत नाही. खरी गोष्ट म्हणजे दर्जा. विद्यार्थ्याचा दर्जा असला की जेवणाची कूपनं मिळतात आणि थोडक्या पैशांत सूप, मुख्य जेवण, सॅलड आणि एक सफरचंद समोर येतं. वसतिगृहात खोली मिळते, बसचा पास मिळतो. दर्जा गेला की परत गावी, ओर्मोझला. तिथे स्तेफान मामाचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. मामाने माझ्या मापाचा निळा डगला शिवून, छातीवर 'लेनार्त' असं भरतकाम करवून तयार ठेवलाय. त्याला कसर लागू नये म्हणून आई त्यात लव्हेंडरच्या पुड्या ठेवते आणि तसं मला दर रविवारी फोनवर सांगते.

भूगोल झाला, वनशास्त्र झालं. नियमाप्रमाणे विषय बदलायची एकच संधी उरली होती, ती आज शिलालेख विभागावर खर्च केली. निवड विचारपूर्वक केली आहे. प्रवेशाला चुरस नाही, आणि माझा खोलीतला जोडीदार टिलेन म्हणतो, त्या विभागात विद्यार्थी पाहिल्याचं कुणाला आठवत नाही.

माझा खरा अभ्यासक्रम वेगळा आहे. कूपन चालणारी या राजधानीतली एकूणएक खाणावळ वर्षभरात पालथी घालायची. पर्यटक येतात, पुलावरच्या ड्रॅगनबरोबर फोटो काढतात आणि जातात. शहर कळतं ते सुपावरून.

४ ऑक्टोबर, मंगळवार

घोटाळा झाला.

सकाळी मुसळधार पाऊस. विद्यापीठामागच्या खाणावळीत आज बार्लीचं सूप, पण दार दुपारी उघडणार. पायमोजे चिंब. वाळवायला उबदार आणि हमखास रिकामी जागा हवी होती, म्हणून शिलालेख विभागाच्या वर्गात शिरलो. पायमोजे हीटरवर टाकले, पाय बाकावर पसरले, आणि दार उघडलं.

दारात एक उंच म्हातारा. हातात कसलीशी सूचना लिहिलेला कागद आणि चिकटपट्टी, पायात गमबूट, काखेत जाळी लावलेली मोठी टोपी. बहुधा थेट उत्खननावर निघालेला असावा. मला पाहून त्याने कागदाची घडी केली आणि खिशात कोंबली.

"आपण कुणाची वाट पाहताय?" त्याने विचारलं.

"शिलालेख विभाग," मी म्हणालो. 'शिलालेख विभाग रिकामा असतो म्हणून आलो' असं म्हणणार होतो, पण पुढचे शब्द घशातच राहिले.

"विद्यार्थी?"

"हो सर."

"खरोखरचे?"

मान हलवली. त्याने टोपी टेबलावर ठेवली, खिडकीतून बाहेर बघून एक दीर्घ श्वास घेतला, आणि मग दीड तास फक्त दोन अक्षरांबद्दल बोलला. ती दोन अक्षरं म्हणे रोमन थडग्यांवर सुरुवातीला असतात. प्राध्यापक लुद्विक शेतिना. निघताना अगदी कळवळून विचारलं, "पुढच्या मंगळवारीही येणार का आपण?" असा ध्यास लागलेला माणूस मी पाहिलेला नाही. बार्लीचं सूप हुकलं.

१० ऑक्टोबर, सोमवार

टिलेन पोट धरून हसला.

"अरे येड्या, पहिल्या तासाला कोण जातं? पहिल्या तासाला गेलास की तू अस्तित्वात आलास!"

"मग उद्यापासून नाही जात."

"आता कसा नाही जाणार? काल होता, आज नाही, म्हणून तो म्हातारा कार्यालयात विचारायला जाईल. ते तुझं खातं उघडतील. भूगोल, वनशास्त्र, सगळं बाहेर येईल."

टिलेन कोपर नावाच्या बंदराचा. समुद्राकाठची माणसं दुसऱ्याचं बुडणं फार चवीने बघतात.

पण मीही कच्च्या गुरूचा चेला नाही. उद्या सरांना सांगणार की मला फक्त सकाळी सातलाच जमतं. या वयात कुठला प्राध्यापक साताला येईल? आपोआप बंद पडेल, आणि माझ्यावर बोट नाही.

११ ऑक्टोबर, मंगळवार

"सकाळी सात," शेतिना सर म्हणाले. चेहरा पांढरा पडला होता. एका गालाला चांगलीच सूज होती, डोळा अर्धा मिटलेला. "उत्तम. फारच उत्तम. पण मग आपण वर्गात नको बसायला. मोकळ्यावर शिकू. पाऊस असो, धुकं असो. आपल्याला त्रास होईल, नाही का?"

"मुळीच नाही सर."

"सर्दी वगैरे?"

"मला सर्दी होत नाही."

दात दुखत असेल बिचाऱ्यांचा, तरी आले.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

धुकं. नदीसुद्धा ऐकूनच ओळखायची. सकाळी साताला कॅथेड्रलच्या भिंतीत बसवलेले रोमन दगड बोटांनी चाचपडत वाचले. सर म्हणाले, "आज इथेच थांबायचं का?" मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं." ते म्हणाले, "नाही, आपण म्हणाल तसं." असं बराच वेळ चाललं. शेवटी कुणीच थांबूया म्हणेना, म्हणून आणखी तीन दगड झाले.

एक फायदा मात्र आहे. म्हाताऱ्याला शहराच्या असल्या गल्ल्या माहीत आहेत की तिथल्या खाणावळी माझ्या यादीतही नव्हत्या. आज त्र्नोवोच्या बाजूला एक सापडली. योटा, म्हणजे आंबट कोबीचं दाट सूप, वर सॉसेज. सरांना कूपन नाही, त्यांनी नुसती कॉफी घेतली. थंडीने बोटं निळी पडली होती. मी माझं सूप त्यांच्याकडे सरकवलं.

"मला सूप आवडत नाही," मी म्हटलं.

कूपनाचं जेवण दुसऱ्याला देता येत नाही. वाढणाऱ्या बाईने आमच्याकडे पाहिलं आणि गल्ल्याकडे तोंड फिरवून उभी राहिली. सर वाडगा पुसून प्यायले. माझ्या राजधानी मोहिमेत आता सुपाचा रकाना रिकामा राहणार याचं वाईट वाटतं.

१३ डिसेंबर, मंगळवार

सरांनी आज मला शहराबाहेरच्या इग गावी नेलं. शहराच्या बसनेच जाता येतं, पास चालला. मला वाटतं ते माझी कसोटी पाहत आहेत. बर्फ पडत होता आणि त्यांनी चार वेळा विचारलं, "परत फिरायचं का?" मी नाही म्हटलं की त्यांचे खांदे पडत. थकव्याने असेल.

इगला रोमन थडगी घरांच्या भिंतींत आहेत. एका गोठ्याच्या कोपऱ्यात नवराबायकोचे मुखवटे कोरलेला दगड, आणि बाईच्या नाकाला सायकलची साखळी अडकवलेली. गोठ्याची मालकीण बाहेर आली.

"पुन्हा आलात का, प्राध्यापक? माझी सासू म्हणायची, ही बाई आमच्यातलीच. नाक बघा की!"

सरांनी मला वाचायला सांगितलं. वाचलं. नवऱ्याने बायकोसाठी दगड उभारला, आणि त्याच दगडावर जिवंतपणीच स्वतःचंही नाव कोरून घेतलं. म्हणजे रोज कामाला जाता-येता तो स्वतःच्या थडग्यावरून जायचा. बसमध्ये परत येईपर्यंत मला दुसरं काही सुचेना.

टिलेनला सांगितलं तर म्हणाला, "तुला ताप आलाय."

८ फेब्रुवारी, बुधवार

आज संस्कृती दिन, सगळी संग्रहालयं फुकट. गरीब विद्यार्थ्याने हा दिवस सोडू नये. बाहेर रांगेत फुकटात मिळाला तर गरम चहाही घ्यावा.

दगडांच्या दालनात एका पाटीवरचं वाचन चुकलेलं होतं. मी पहारेकऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग मी काय करू?" मी पाऊण तास त्याला समजावत होतो. शेवटी तो म्हणाला, "साहेब, मला दुपारी सुट्टी आहे हो." दुपारचं कूपनाचं जेवण राहून गेलं. स्वतःचीच काळजी वाटू लागली आहे.

१८ एप्रिल, मंगळवार

मिर्ये भागातल्या रोमन तटबंदीजवळ आमचा तास चालू होता. एक बाई छत्री टेकत आल्या. डॉ. ब्रेडा ओसोयनिक, आमच्या विद्याशाखेच्या उपप्रमुख. विभागांचं सुसूत्रीकरण हे त्यांचं काम. सुसूत्रीकरण म्हणजे ज्यात माणसं कमी होतात पण बैठका वाढतात.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे बघितलं.

"बाकीचे?"

"हेच," सर म्हणाले.

"सगळे मिळून हे?"

बाई हसल्या. फार गोड हसतात. मग म्हणाल्या की जूनमध्ये परीक्षा समितीपुढे होईल, त्या स्वतः बसतील. विद्यार्थी पास झाला तर विभाग राहील. नापास झाला तर विभाग पर्यटन व्यवस्थापनात विलीन होईल, आणि सरांचा निरोप समारंभ त्या जातीने करतील.

आणि मी नापास झालो तर माझा दर्जा जाईल. ट्रॅक्टर. डगला. लव्हेंडर.

त्या गेल्यावर सर तटाच्या दगडावर बसले. "आपण एवढं मनावर घेऊ नका," म्हणाले. "नापास होणं हा आपला हक्क आहे."

किती मोठं मन! मी तिथेच ठरवलं की पास व्हायचं. दहापैकी फक्त सहा गुणांनी, दर्ज्यापुरतं.

१६ मे, मंगळवार

सरांच्या घरी दुःखद प्रकार. तास चालू असताना फोन आला. पलीकडून शेजारी ओरडत होता, ते मलाही ऐकू आलं: "लुद्विक, राणी गेली! अर्धं घर घेऊन गेली!"

सर ताडकन उठले. मग माझ्या हातातली वही बघितली आणि पुन्हा बसले. चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

"सर, तुम्ही जा ना."

"परीक्षा जवळ आली आहे," ते म्हणाले. "आता ती कुठल्या झाडावर बसली असेल कोण जाणे."

दुःखात माणूस काहीही बोलतो. मी विषय वाढवला नाही, पण त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं की राणीबाई परत येतील, संसारात असं होतं. त्यांनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. बायको घर सोडून गेली आणि हा माणूस मला रोमन सैनिकांच्या रजांबद्दल शिकवत राहिला. रात्री झोप लागली नाही. मला हा म्हातारा आवडतो. हे कुणाला सांगायचं नाही, म्हणून इथे लिहितो.

१५ जून, गुरुवार

परीक्षा झाली.

ओसोयनिक बाईंनी पाठ केलेलं चालू नये म्हणून समितीला आणि मला शहराच्या एका खोदकामावर नेलं. वाहनतळासाठी खणताना गेल्या आठवड्यात निघालेला दगड. सरांनीही तो पाहिला नव्हता. मातीही नीट पुसलेली नव्हती.

माझा बेत सहा गुणांचा होता. चारपाच ठिकाणी अडखळायचं ठरवलं होतं. पण गुडघे टेकून पहिली ओळ लावली आणि बेत डोक्यातून पार गेला. कुणी एक बुक्को, एन्नोचा मुलगा. त्याने हयातीतच स्वतःसाठी हा दगड केला. पुढे 'आणि त्याच्या बायकोसाठी', आणि मग गुळगुळीत रिकामी जागा. तिचं नाव कोरलेलंच नाही.

"ती जागा रिकामी का?" बाईंनी विचारलं.

"ती नंतर मेली असेल आणि कोरायला कुणी उरलं नसेल," मी म्हणालो. "किंवा तिने दुसरं लग्न केलं असेल आणि नव्या नवऱ्याने वेगळा दगड घेतला असेल."

समिती हसली. मला हसू आलं नाही. "जागा मात्र चांगली मोठी सोडलीय बघा. लांबलचक नाव होतं तिचं, आणि त्याला ते पुरं मावायला हवं होतं." माझा आवाज चिरकला. भर चिखलात, समितीपुढे.

सर चष्मा पुसत होते. पुसून झाला तरी पुसत होते.

दहापैकी दहा.

१६ जून, शुक्रवार

ओसोयनिक बाईंचं औदार्य बघा. सकाळी बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, खोदकामाला दगड वाचणारा माणूस हवाच आहे. एक जुलैपासून कायमची नोकरी. पगार, विमा, सगळं. "तुमच्यासारख्या मुलाने वर्गात कुजू नये," म्हणाल्या आणि तेच गोड हसल्या.

आईला फोन केला. ती रडायलाच लागली. "मामाला सांगते, डगला परत घ्यायचा म्हणून!" मग मामा फोनवर आला आणि म्हणाला, "शाब्बास रे! आता तुझ्या मापाचा माणूस मी कुठून आणू?"

टिलेनने मात्र चमचा खाली ठेवला.

"नोकरी लागली की तू विद्यार्थी राहत नाहीस, बरोबर?"

"बरोबर."

"मग विभागात विद्यार्थी किती?"

मी तोंडातला घास गिळेपर्यंत त्याने उत्तर दिलं. "शून्य. बाईने पैसे मोजून विभाग बंद केला रे. तूच कुलूप, तूच किल्ली."

मला आधी पटलं नाही. एवढ्या चांगल्या बाई!

१९ जून, सोमवार

नोकरी नाकारली. बाईंनी कारण विचारलं.

"कूपनं जातील," मी म्हणालो.

त्यांचं हसू पहिल्यांदाच मावळलं. "कूपनं?"

"शहरातल्या सगळ्या खाणावळी अजून झाल्या नाहीत माझ्या."

यात खोटं काही नाही. यादी खरंच अपुरी आहे. आईने फोन आपटला. मामा म्हणाला, डगला आहे तिथेच आहे.

२० जून, मंगळवार

आज तास नव्हता, पण सात वाजता मी कॅथेड्रलपाशी गेलो आणि सरही आले. त्यांना बातमी लागलेली होती. मला धरून त्यांनी त्र्नोवोच्या त्याच खाणावळीत नेलं, दार उघडायची वाट बघत दोन तास बाकावर बसवलं. सूप समोर आल्यावर भडका उडाला.

"गाढवा! नोकरी नाकारलीस?" पहिल्यांदाच 'आपण'वरून 'तू'वर आले. "माझ्यासाठी? तुला काय वाटलं, मला शिकवायचं होतं? वर्षानुवर्षं त्या विभागात चिटपाखरू आलं नव्हतं! नावं नोंदवली जायची, पोरं फिरकायची नाहीत, मी दारावर सूचना चिकटवायचो आणि गावी जायचो. माझ्या मधमाश्या आहेत तिथे. सुखात होतो मी! आणि मग तू आलास, पायमोजे वाळत घालून!"

"मधमाश्या?" मी म्हणालो. "आणि राणीबाई?"

"मधमाश्यांची राणी, मूर्खा! अर्धं पोळं गेलं माझं, तुझ्या परीक्षेपायी!"

मी चमचा हातात धरून बसलो. सगळं वर्ष उलट्या बाजूने डोळ्यांसमोरून गेलं.

"मग सांगायचं ना सर. मीही दर्ज्यासाठीच आलो होतो. साताची वेळ मी तुम्ही यायचं बंद करावं म्हणून दिली."

"आणि बर्फात मी तुला तू पळून जावास म्हणून नेलं."

वाढणारी बाई ब्रेड ठेवून गेली. आम्ही दोघंही ब्रेडकडे बघत होतो.

"तर आता कळलं ना?" सर जरा खालच्या आवाजात म्हणाले. "कसलं ऋण नाही, काही नाही. जा, ओसोयनिकबाईंचे पाय धर, नोकरी मागून घे. मला माझ्या माश्यांकडे जाऊ दे. मला कंटाळा आलाय दगडांचा."

हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. म्हातारा वर्षभर खोटं बोलत होता की आत्ता बोलतोय, ते मला कळेना. माझंही मला धड कळत नव्हतं. मी सूप अर्धं प्यायलो आणि वाडगा त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी तो परत ढकलला नाही.

वाडगा रिकामा करून ते म्हणाले, "एक दगड तुला दाखवला नाही मी. जुन्या बाजारातल्या एका घराच्या पायात आहे. बसवताना गवंड्याने उलटा बसवला. अक्षरं आतल्या बाजूला. घर बांधल्यापासून कुणीही तो वाचलेला नाही."

"मग वाचायचा कसा?"

"घर पडल्याशिवाय नाही वाचता येणार."

"आणि घर कधी पडेल?"

"मजबूत आहे. पन्नास-साठ वर्षं तरी काढेल."

मी सफरचंद कापलं आणि अर्धं त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"थांबू की," मी म्हणालो.